नाल्यातलं खत शेवाळाने काढता येतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, बोड्या (लहान तळी) आणि त्यांना मिळणारे गावनाले डोळ्यांपुढे ठेवून हे प्रश्न एकत्र केले आहेत. वऱ्हाडातल्या वाचकांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, फक्त धानाच्या जागी कपाशी किंवा संत्रा धरा. पद्धत थोडक्यात अशी: नाल्याचं पाणी उथळ वाफ्यावरून सोडायचं, तिथे शेवाळ वाढवायचं आणि ते काढून घ्यायचं, म्हणजे पाण्यातलं खत त्याच्यासोबत बाहेर येतं. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत.

आमचा तलाव आधीच शेवाळाने भरलाय. तोच तर त्रास आहे, आणि तुम्ही म्हणता शेवाळ वाढवा?

हो, पण तलावात नाही. तलावात येणाऱ्या नाल्यावर, आपला हात पोचेल अशा उथळ वाफ्यात वाढवायचं.

तलाव हिरवा दिसतोय म्हणजे पाण्यात नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) गरजेपेक्षा जास्त आहे. शेवाळ ते खत खाऊन वाढतं. मग तिथंच मरतं, तळाला बसतं, कुजतं, आणि खाल्लेलं सगळं पाण्याला परत करतं. पुढच्या वर्षी त्याच खतावर नवं शेवाळ. तलावातलं शेवाळ पाणी साफ करत नाही ते एवढ्याचसाठी. त्याने खत उचललेलं असतं, पण ते कुणी बाहेर नेत नाही. या पानावर पुढे जे काही आहे त्याचा सगळा भार याच एका गोष्टीवर आहे: शेवाळ जिवंत असताना पाण्याबाहेर काढलं, तर खत गेलं. नाही काढलं, तर काहीच झालं नाही.

पाण्यात हे खत येतं तरी कुठून?

रोवणीनंतर बांधीत (धानाच्या वावरात) युरिया फेकला आणि दुसऱ्या दिवशी दणकून पाऊस आला, की त्यातला मोठा वाटा बांध फुटून नाल्यात जातो. युरियात ४६ टक्के नत्र असतं आणि तो पाण्यात सहज विरघळतो. स्फुरदाची चाल वेगळी. ते मातीच्या कणांना चिकटून बसतं, म्हणून वावरातली माती वाहून आली की तिच्यासोबत येतं आणि तलावाच्या गाळात साठतं. हा साठा वर्षानुवर्षं पुरतो. वरून येणारं पाणी साफ केलं तरी तलाव लगेच निवळत नाही, त्याचं कारण हा गाळ.

याशिवाय नाल्याकाठचे उकिरडे, कोठ्यातलं मूत, कपडे धुण्याची पावडर, सेप्टिक टाकीचा नालीत सोडलेला पाइप, विसर्जनाचं निर्माल्य. गावाला विचारलं तर सगळे रासायनिक खताकडे बोट दाखवतात. पण उन्हाळ्यात, जेव्हा वावरातून थेंबही वाहत नाही, तेव्हा तलावात काय येतं ते जाऊन बघा. गावची नाली येते.

मोठ्या प्रमाणावर हेच बघायचं असेल तर नाग नदी घ्या. नागपूरचं सांडपाणी घेऊन ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात साठतं. जलाशयाकाठच्या पवनी तालुक्यातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही.

शेवाळ खत उचलतं म्हणजे नेमकं काय करतं?

पीक जे करतं तेच. सूर्यप्रकाश, कार्बन डायऑक्साइड, नत्र आणि स्फुरद घेऊन स्वतःचं अंग बनवतं. फरक इतकाच की त्याला मुळं नाहीत, ते अख्ख्या अंगाने पाण्यातून शोषतं, म्हणून वाढीचा वेग पिकापेक्षा कितीतरी जास्त.

अमेरिकेतले समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३०च्या दशकात समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचा हिशेब मांडला. त्यातून पुढे कार्बन, नत्र आणि फॉस्फरस यांच्या अणूंचं १०६ : १६ : १ हे प्रमाण रूढ झालं. गोड्या पाण्यातल्या तंतुमय शेवाळात आकडे मागंपुढं होतात, पण कामापुरतं लक्षात ठेवायचं तर वाळलेल्या शेवाळात साधारण ५ टक्के नत्र आणि जेमतेम १ टक्का फॉस्फरस धरावा. पाणी फारसं खताळ नसेल तर याहून कमी भरतं.

याचा अर्थ उलट बाजूनेही बघा. एक किलो फॉस्फरस तलावात गेला, तर त्यावर सुमारे शंभर किलो वाळलेलं शेवाळ उभं राहू शकतं. ओलं धरलं तर टनाच्या घरात. म्हणून डीएपी या स्फुरदाच्या खताची एक फाटकी गोणी नाल्याकाठी पडून राहणं ही किरकोळ गोष्ट नाही.

हे कुठे करून पाहिलंय का, की आमच्यावरच प्रयोग?

करून पाहिलंय. कॅलिफोर्नियात विल्यम ऑसवाल्ड यांनी १९५०च्या दशकात सांडपाण्यासाठी उथळ, सतत हलत्या पाण्याची शेवाळ-तळी बसवली. आपण इथे बोलतोय ती पद्धत त्याच्यापेक्षा थोडी वेगळी. स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर अॅडी प्रवाळांच्या मत्स्यालयाचं पाणी स्वच्छ ठेवण्यासाठी जाळीवर शेवाळ वाढवून ते खरवडून काढत. त्यातून उतरत्या वाफ्याची पद्धत निघाली. पुढे फ्लोरिडात कालव्यांचं पाणी अशा वाफ्यांवरून सोडलं गेलं, गोठ्याच्या पाण्यावरही अमेरिकेत चाचण्या झाल्या.

आपल्या नागपूरच्या निरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड तंत्र अनेकांना माहीत असतं. ते शेवाळाचं नाही. खडी-वाळूच्या थरात झाडं लावून सांडपाणी शुद्ध करण्याचं आहे. दोन्हींची गल्लत करू नका. फायटोरिडला रोजची मेहनत कमी, शेवाळाच्या वाफ्याला जास्त. पण वाफा उभा करायला सोपा आणि मोडायलाही सोपा, म्हणून गावपातळीवर आधी करून बघायला तो बरा.

शेवाळाचं बियाणं कुठे मिळतं?

विकत घेऊ नका. कुणी बाटलीत “शेवाळ कल्चर” विकायला आलाच तर चहा पाजून पाठवून द्या. नाल्यातल्या दगडांवर, हापशीच्या ओट्याखाली, नहराच्या भिंतीवर जे लांब हिरवे धागे लोंबतात, तेच आपलं बियाणं. तिथल्या पाण्याची, तिथल्या उन्हाची त्याला सवय असते. दोन दगड उचलून वाफ्याच्या तोंडाशी ठेवले की हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांत जाळी हिरवी होते.

सगळं शेवाळ सारखंच का?

नाही, आणि हे नीट समजून घ्या. एक तंतुमय हिरवं शेवाळ. ते आपल्याला हवंय. दुसरं निळं-हिरवं, जे खरं तर जिवाणूंच्या कुळातलं आहे. उन्हाळ्यात साचलेल्या तलावावर ऑइलपेंट सांडल्यासारखा जो जाड हिरवा थर येतो, तो बहुतेकदा याचा असतो. त्यातल्या मायक्रोसिस्टिससारख्या जाती यकृतावर घाव घालणारं विष तयार करतात. पाणी उकळून हे विष जात नाही. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन एलआर या विषाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, म्हणजे नावालाच.

ओळखायचं कसं? एक लांब काडी घ्या आणि हिरव्या थरात घालून वर उचला. काडीला केसांसारख्या बटा लोंबल्या तर तंतुमय शेवाळ. काडी हिरव्या रंगात बुडवून काढल्यासारखी निघाली, धागा एकही नाही, तर जपून. दुसरी चाचणी: काचेच्या बरणीत ते पाणी भरून न हलवता रात्रभर ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर निळ्या-हिरव्याचा संशय धरा. या चाचण्या म्हणजे प्रयोगशाळेचा निकाल नव्हे, पण त्या दिवसापुरती ढोरं कोणत्या घाटावर पाणी पाजायला न्यायची ते ठरवायला पुरतात. हात घालून बघू नका.

मग धानात जे निळं-हिरवं शेवाळ टाकायला सांगतात ते?

ते बरोबरच आहे. अॅनाबिना, नॉस्टॉक वगैरे जाती हवेतलं नत्र ओढून बांधीत आणतात, म्हणून तिथं ते खत. पण आपल्याला पाण्यातलं नत्र कमी करायचंय. नाल्याच्या वाफ्यात त्या जातींचं काही काम नाही.

अझोला चालेल का? आमच्याकडे टाकीत आहे.

त्याच कारणाने नत्रासाठी नाही. अझोलाच्या पानात अॅनाबिना राहतो, तो हवेतून नत्र घेतो. स्फुरद मात्र अझोला पाण्यातूनच उचलतो. ढोरांसाठी टाकीतला अझोला टाकीतच असू द्या.

वाफा बांधायचा कसा?

सुरुवातीला एक मीटर रुंद आणि तीस मीटर लांब पुरे. नाल्याच्या काठाला समांतर, ऊन पडेल अशा जागी. शंभराला एक असा उतार ठेवायचा, म्हणजे तीस मीटरमागे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला वीतभराहून थोडा जास्त, तीस सेंटिमीटर उतार. गवंड्याच्या लेव्हल-पाइपने तो काढता येतो. खाली मुरूम धोपटून त्यावर शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा कागद अंथरायचा, कडांना माती नाहीतर बांबू. कागदावर प्लॅस्टिकची जाळी ताणून बसवायची, कारण नुसत्या गुळगुळीत कागदावर शेवाळाला पकड मिळत नाही आणि पहिल्या जोराच्या पाण्यात सगळं सरकून जातं.

पाण्याची खोली दोन ते पाच सेंटिमीटर. लोकांना हे पटत नाही, खोल केलं तर जास्त पाणी साफ होईल असं वाटतं. खोल केलं की तळाला ऊन पोचत नाही, प्रवाह मंदावतो आणि वाफ्याचं डबकं होतं.

पाणी एकसारखं वाहण्यापेक्षा लाटांनी आलं तर शेवाळ जोमाने वाढतं, कारण प्रत्येक हिसक्याने धाग्यांभोवतीचं शिळं पाणी बदलतं. त्यासाठी वाफ्याच्या तोंडाशी आसावर झुलणारी पेटी ठेवतात: भरली की आपोआप कलंडते, रिकामी झाली की परत सरळ होते. अर्धा कापलेला प्लॅस्टिकचा ड्रम आणि एक लोखंडी सळई, एवढ्यात गावचा वेल्डर ती बनवून देतो.

नाल्याचं पाणी सरळ वाफ्यावर सोडू नका. आधी एक खड्डा, ज्यात गाळ बसेल, आणि त्याच्या तोंडाला जाळी, म्हणजे गुटख्याच्या पुड्या तिथंच अडकतील.

वीज रात्री येते, कधी येतच नाही. मग?

शक्यतो मोटार नकोच. नाल्यात वरच्या बाजूला वनराई बंधाऱ्यासारखा पोत्यांचा छोटा बांध घालून पाणी अर्धा मीटर चढवलं, की तीस मीटर लांबीचा वाफा उताराने चालतो. तलावाच्या पाळीखालून झिरपणारं पाणीही चालतं. सपाट मुलूख असेल, पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्ट्यात असतो तसा, तर छोटा सौर पंप लागेल. शेवाळाला दिवसाच काम असतं, त्यामुळे सौर पंप त्याला बरोबर जुळतो. रात्री मात्र जाळी ओली राहील एवढं पाणी वाफ्यात अडवून ठेवा.

एवढ्या वाफ्याने गावचा नाला साफ होईल का?

नाही. हिशेबच करू.

चांगल्या हंगामात, नीट चाललेल्या वाफ्यात चौरस मीटरला दिवसाकाठी १० ग्रॅम वाळलेलं शेवाळ धरा. याच्या दुप्पटही येतं, पण नवख्याने १०च धरावं. तीस चौरस मीटरला ३०० ग्रॅम. त्यात नत्र १५ ग्रॅम. दोन माणसांच्या मलमूत्रातून रोज साधारण एवढं नत्र निघतं. दोन माणसांच्या! म्हणून नमुन्याचा वाफा हा शिकण्यासाठी असतो, फोटो काढून “नाला पुनरुज्जीवन” असा फलक लावण्यासाठी नसतो.

आता दीड हजार वस्तीचं गाव घ्या. माणशी ४० लिटर सांडपाणी नालीत आलं तर रोजचे ६०,००० लिटर. लिटरला २५ मिलिग्रॅम नत्र आणि ४ मिलिग्रॅम फॉस्फरस आहे असं उदाहरणादाखल धरलं (तुमच्या नाल्याचा आकडा तपासूनच घ्या), तर रोज दीड किलो नत्र आणि पाव किलोला थोडा कमी फॉस्फरस. ते सगळं उचलायला ३,००० चौरस मीटर वाफे लागतील, म्हणजे पाऊण एकर. आणि रोज तीस किलो वाळलेलं, म्हणजे निथळून तीनशे किलो ओलं शेवाळ काढावं लागेल. पाऊण एकर गावठाणाशेजारी मिळेल एखाद्या वेळी. रोजचं तीनशे किलो कोण उचलणार, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर ग्रामसभेत मिळाल्याशिवाय पाऊण एकराच्या गोष्टी करू नयेत.

म्हणजे आधी दुसरं काही करायला हवं?

हो. घरोघरी शोषखड्डे. नांदेड जिल्ह्याने हे काम गावंच्या गावं करून दाखवलं आणि तेव्हा ते मनरेगातून झालं. सांडपाणी नालीत आलंच नाही तर वाफ्याचं काम निम्म्याहून कमी होतं. फक्त पिण्याच्या विहिरीजवळ आणि भूजल वर असेल तिथे शोषखड्डा नको. नत्र जमिनीत नायट्रेट होऊन पाण्यासोबत खाली उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते.

दुसरं, सेप्टिक टाकीचा नालीतला पाइप बंद करा. तिसरं, उकिरडे नाल्यापासून हलवा. यातलं काहीच नवं नाही; गाडगेबाबा हेच सांगत फिरले. शेवाळाचा वाफा हा उरलेल्या पाण्यासाठी आहे.

शेवाळ काढायचं कधी आणि कसं?

हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी, फेब्रुवारीनंतर दर आठवड्याला. दिवस मोजण्यापेक्षा जाळीकडे बघा. धागे गर्द हिरवे आणि ताणले की रबरासारखे लागतात तोवर ठीक. पिवळट पडू लागले, खालून सुटून गोळे वाहू लागले, जाळीच्या तळाशी काळपट चिकट थर आणि सडक्या अंड्याचा वास आला, तर उशीर झालाय. शेवाळ खालून कुजतंय आणि खत पाण्यात परत चाललंय.

काढायच्या दिवशी पाणी बंद करा आणि तासभर निथळू द्या. मग फरशी पुसायच्या रबरी वायपरने वरच्या टोकाकडून खालच्या टोकाकडे ओढत या. शेवाळ गालिच्यासारखं गुंडाळत येतं. ते घमेल्यात भरायचं. फावडं वापरू नका, कागद फाटतो. आणि जाळी खरवडून पांढरी करू नका. बोटाच्या पेराएवढी हिरवी खुंटं राहू द्या, त्यातूनच पुढचं पीक येतं. तीस मीटरच्या वाफ्यातून आठवड्याला वीसेक किलो ओला माल निघतो. दोन जणांचं सकाळचं काम आहे.

हातमोजे आणि गमबूट घालूनच. नालीचं पाणी आहे ते, त्यात जंत आणि रोगजंतू असणारच. आपल्याकडे अशी कामं बायकांच्या अंगावर टाकून त्यांना साधे मोजेही दिले जात नाहीत, तेव्हा मोज्यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात लिहा.

वेळेवर काढण्याचा आणखी एक फायदा म्हणजे गोगलगायी आणि पाण्यातल्या अळ्या माजत नाहीत. पंधरा-वीस दिवस वाफा तसाच सोडला तर अर्धं शेवाळ त्याच खाऊन टाकतात.

काढलेल्या शेवाळाचं करायचं काय?

खत. शेवाळात नत्र जास्त असल्याने नुसतं ढिगाला लावलं तर चिखल होऊन घाण वास सुटतो. आधी दोन दिवस शेडनेटवर पसरून वाळवा, मग एक घमेलं शेवाळाला तीन-चार घमेली कुटार, तणस किंवा बारीक केलेली पऱ्हाटी मिसळा. ढीग तापला पाहिजे; हात घातला तर चटका बसेल इतका. त्या उष्णतेने रोगजंतू बरेचसे मरतात. दोन-तीनदा पलटी मारून तीन-चार महिन्यांनी वावरात जातं. तरीही ते भाजीपाल्याला, विशेषतः कच्च्या खायच्या मेथी-कोथिंबिरीला घालू नका. धान, कपाशी, बांधावरची झाडं ठीक.

विकून पैसा होईल का, हे सगळे विचारतात. वरच्या उदाहरणातलं अख्खं गाव रोज दीड किलो नत्र काढेल, म्हणजे ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीएवढं नत्र जमायला दोन आठवडे. अनुदानित गोणी २६६ रुपयांना मिळते. त्या भावाशी शेवाळाची बरोबरी होणार नाही आणि “शेवाळातून लाखोंची कमाई” सांगणाऱ्यांचं ऐकू नका. हे तलावाच्या देखभालीचं काम आहे. खत मिळतं ते वरचं.

एक अट महत्त्वाची. नाल्यात कोळसा खाणीचं, औष्णिक केंद्राच्या राखेचं किंवा एमआयडीसीचं पाणी मिसळत असेल, तर शेवाळ जड धातूही अंगात साठवतं. चंद्रपूर, वणी, उमरेड, बुटीबोरी पट्ट्यातल्या गावांनी धातूंची तपासणी झाल्याशिवाय ते खत वावरात घालू नये.

ढोरांना खाऊ घालता येईल?

सांडपाण्यावरचं नाही.

पण स्पिरुलिना तर माणसंही खातात. लोणारच्या तळ्यातही आहे म्हणे.

आहे. लोणारचं पाणी खारं आणि अत्यंत अल्कधर्मी आहे, तिथे स्पिरुलिना नैसर्गिकरीत्या वाढते. (जून २०२०मध्ये ते तळं गुलाबी झालं होतं, ते वेगळ्याच, क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे.) खाण्याची स्पिरुलिना स्वच्छ टाकीत, मोजून क्षार घालून वाढवतात. नालीच्या पाण्यावर वाढलेली कोणतीही हिरवी गोष्ट खाण्यात आणायची नाही, तिचं नाव काहीही असो.

तलावात इकॉर्निया (जलपर्णी) माजलाय. तोही खत उचलतोच की. तोच का नको?

उचलतो, आणि भरपूर उचलतो. पण त्याला आवरणं माणसाच्या हातात राहत नाही. पाण्यावर छत धरून तो खालचा प्राणवायू संपवतो, डोंगा चालत नाही, जाळं पडत नाही. चंद्रपूरचा रामाळा तलाव हे शहरी उदाहरण सगळ्यांनी पाहिलंय. आधीच आहे तो उपटून काठावर कुजवा, म्हणजे तेवढं खत तरी बाहेर येईल. मुद्दाम मात्र आणू नका. बेशरमाच्या झुडपाचंही तेच: काठावरचा बेशरम मुळासकट काढून तिथं देशी पाणवनस्पती लावण्याचं काम भंडारा-गोंदियाकडच्या मासेमार ढिवर समाजातल्या बायकांनी केलंय, आणि त्याने मासळी परत येते हे त्यांनी दाखवलंय. जिथे तलाव अजून शाबूत आहे, तिथे वाफ्यापेक्षा मी तेच काम आधी सांगेन.

आमची मच्छीमार संस्था आहे. आम्हाला यात काय?

दोन गोष्टी.

उन्हाळ्यात पहाटे मासे तोंड वर काढून गटांगळ्या खातात, कधी सकाळी थरच्या थर मरून तरंगतात. कुणीतरी विष टाकलं अशी ओरड होते. पुष्कळदा कारण शेवाळ असतं. दिवसा ते प्राणवायू सोडतं, रात्री ते आणि तळाचं कुजणारं सगळं मिळून तो ओढतं, आणि सूर्य उगवायच्या आधी पाण्यात प्राणवायू सगळ्यांत कमी उरतो. ढगाळ दिवसानंतरची पहाट सगळ्यांत वाईट. तलावात येणारं खत कमी झालं तर हे कमी होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मासे स्वतःच खत बाहेर नेतात. एक टन मासळी विकली तर तिच्यासोबत २५ किलोच्या आसपास नत्र आणि चार-पाच किलो फॉस्फरस तलावाबाहेर जातो. तलावाच्या उथळ भागात बांबू रोवून ठेवले तर त्यांच्यावर शेवाळाची साय धरते आणि रोहू ती चरतो. या पद्धतीवर बांगलादेशात चाचण्या झाल्या आहेत, आणि बांबू आपल्याला विकत आणायला लांब जावं लागत नाही. बांबू एका कोपऱ्यातच रोवा, नाहीतर जाळं ओढताना शिव्या खाल. आणि वरून शेण, युरिया टाकून मासे वाढवायचे असतील तर हा सगळा हिशेब उलटा होतो, हे संस्थेने आधी ठरवून घ्यावं.

मोरचूद (तांब्याचं निळं क्षार) टाकून शेवाळ मारलं तर काम एका दिवसात होत नाही का?

शेवाळ मरतं. मग एकदम कुजतं, प्राणवायू जातो, मासे जातात, निळं-हिरवं असेल तर पेशी फुटून विष पाण्यात मोकळं होतं, आणि खत होतं तिथंच राहतं. शिवाय तांबं गाळात साठतं. मोरचूद संत्र्याच्या झाडाला बोर्डो लावायला ठेवा.

डास वाढतील का?

वाहत्या, दोन बोटं खोल पाण्यात वाढत नाहीत. गाळ बसायच्या खड्ड्यात आणि बंद पडलेल्या वाफ्यात वाढतात. पूर्व विदर्भात हत्तीरोग आहे आणि त्याचा डास घाण साचलेल्या पाण्यातलाच, म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. खड्ड्यात गप्पी मासे सोडा. वाफा आठवडाभराहून जास्त बंद ठेवायचा असेल तर पूर्ण कोरडा करा.

वाफ्यातून आलेलं पाणी पिता येईल?

नाही. खत कमी होणं आणि पाणी पिण्याजोगं होणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

काम होतंय की नाही, हे कळणार कसं?

गावात पाणी तपासायला दिलेला फील्ड टेस्ट किट असेल तर त्यात नायट्रेटची चाचणी असते. वाफ्यात शिरणारं आणि बाहेर पडणारं पाणी एकाच दिवशी, एकाच वेळी तपासा. जलसुरक्षकाला सांगून महिन्यातून एकदा तेच दोन नमुने तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवा आणि फॉस्फेट मुद्दाम मागून घ्या, नेहमीच्या तपासणीत ते धरलेलं असेलच असं नाही.

तलावासाठी स्टीलची पांढरट थाळी दोरीला बांधून सावलीच्या बाजूने पाण्यात सोडा आणि ती दिसेनाशी होते तेव्हा पाण्याच्या पातळीला दोरीवर गाठ मारा. दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी, दुपारच्या सुमाराला. थाळी आणि गाठ यांच्यातलं अंतर वाढू लागलं तर पाणी निवळतंय.

आणि सगळ्यांत भरवशाचा आकडा वजनकाट्याचा. किती किलो शेवाळ बाहेर काढलं ते वहीत लिहा. ते शून्य असेल तर बाकीच्या चाचण्यांवर पैसे घालवू नका.

परवानगी कुणाची लागते?

तलाव कुणाचा आहे ते आधी बघा. मालगुजारी संपल्यावर बहुतेक मामा तलाव सरकारकडे आले आणि लहान तलाव जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडे आहेत. मासेमारीचा ठेका संस्थेकडे, सिंचनाचा आणि निस्ताराचा (घरगुती वापराचा) हक्क गावाचा. तिघांनाही विचारल्याशिवाय पाळीला हात लावू नका. गडचिरोलीत आणि इतर पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) गावांत लहान जलसाठ्यांच्या नियोजनात स्थानिक पंचायत व्यवस्थेला कायद्यानेच वाटा आहे, तिथे सुरुवात ग्रामसभेच्या ठरावाने करा. गावनाल्याकाठी, ग्रामपंचायतीच्या जागेत वाफा घालायचा तर काम बरंच सोपं.

मेच्या उन्हात शेवाळ टिकतं का?

पंचेचाळीस अंशाच्या दुपारी दोन बोटं पाणी फार तापतं आणि शेवाळ पांढुरकं पडतं. बारा ते चार शेडनेट ओढा, पाण्याचा वेग वाढवा. नाला पार आटला तर वाफा सोडून द्या. नोव्हेंबर ते एप्रिल हाच खरा हंगाम.

आणि पावसाळ्यात?

पावसाळ्यात वाफा चालत नाही. पाणी गढूळ, ऊन नाही, आणि पहिल्याच पुराला जाळी, कागद, बांबू सगळं खाली कुणाच्या तरी बांधीत सापडतं. मृग लागायच्या आधी शेवटचं शेवाळ काढा, जाळी धुऊन वाळवून ग्रामपंचायतीत ठेवा, कागद गुंडाळून उंदरांपासून जपा. त्या तीन-चार महिन्यांत वावरातलं खत अडवायचं काम बांधाचं: पाऊस दिसत असेल तर युरिया टाकू नये, तो एकदम न टाकता हप्त्यांनी द्यावा, आणि शेवटच्या बांधीतून नाल्याकडे जाणाऱ्या धुऱ्यावर गवताचा पट्टा राखावा. दसरा उलटून नाल्याचं पाणी निवळलं, तळाचे दगड दिसू लागले, की जाळी परत अंथरायची.